पलीकडच्याने तपासलंय

१

परीक्षा होऊन गेली होती, निकालाची तयारी चालली होती आणि परीक्षा मंडळातल्या एक बाई सरावाच्या उत्तरांची साफसफाई करत बसल्या होत्या. परीक्षेआधी उमेदवारांचा संगणकावर हात बसावा म्हणून त्यांना एक सरावाचा निबंध लिहायला देतात. तो आपोआप जतन होतो, लिहिणाऱ्याला लगेच परत उघडून बघता येतो, बाकी कोणी वाचत नाही आणि पुढे पुसून टाकतात. कोणी त्यात आपल्या छंदाबद्दल चार ओळी लिहितं, कोणी नुसतंच 'कखगघ' बडवतं. बाईंनी पुसता पुसता एक उत्तर सहज उघडलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

निबंधाच्या जागी खरा पेपर होता. सगळा नव्हता, शेवटची काही पानं होती आणि तीही उलट्या क्रमाने: शेवटचं पान आधी, मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्याही अलीकडचं. सराव चालू असताना हा पेपर कोणाच्याही डोळ्यांना दिसायला नको होता. तो संगणकाच्या पोटात कुलपात होता.

एका उमेदवाराने तो आधी वाचला होता. आणखी किती जणांनी वाचला, ते कोणालाच सांगता येईना. 'मला काही माहीत नाही, आपोआप आलं' यापलीकडे तो मुलगा तोंड उघडत नव्हता. परीक्षा रद्द झाली, तर लाखो पोरांना पुन्हा बसावं लागणार होतं.

म्हणून काकूंना फोन गेला.

काकू म्हणजे त्या संगणकांचं कर्नेल जिने पहिल्यांदा लिहिलं ती बाई. कर्नेल म्हणजे संगणकाचा सर्वांत आतला गाभा, बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांवर हुकूम चालवणारा. शेजाऱ्यांना मात्र वर्षानुवर्षं वाटायचं, की या बाई कुठल्याशा कर्नलच्या हाताखाली नोकरीला आहेत. त्यांचा गैरसमज दूर करायचा प्रयत्न काकूंनी कधीच सोडून दिला होता. निवृत्तीनंतर त्यांनी बऱ्याच गोष्टी सोडून दिल्या होत्या. वैताग तेवढा सुटत नव्हता.

"मी निवृत्त आहे," त्या फोनवर म्हणाल्या.

"काकू, संध्याकाळपर्यंत मंडळाला दोषीचं नाव द्यायचंय," पलीकडून त्यांच्या जुन्या ऑफिसचे साहेब म्हणाले. "नाव माझ्याकडे तयार आहे. तुम्ही फक्त येऊन हो म्हणा."

तयार नाव आणि त्यावर आपली मान डोलवायची, या दोन गोष्टींनीच काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या चप्पल घालून निघाल्या. मागून नवऱ्याने विचारलं, "अगं, पाण्याचा पंप चालू करू का?"

"टाकी बघून ठरवा!" त्या ओरडल्या. "डोळे आहेत ना?"

२

ऑफिसात एकच लांबट खोली होती आणि तिच्यात गार वारा सुटलेला. एका टोकाला शाल पांघरून एक मुलगी बसली होती, तिला सगळे धाकटी म्हणत. दुसऱ्या टोकाला अर्ध्या बाह्यांच्या शर्टात घाम पुसत एक गृहस्थ, त्याला दाढी म्हणत, कारण उघड होतं. दोघांच्या मधे एसीचा रिमोट एका रिकाम्या टेबलावर चिकटपट्टीने डकवून ठेवला होता.

"हा काय प्रकार?" काकूंनी विचारलं.

"ते दोघं बोलत नाहीत एकमेकांशी," साहेब हळूच म्हणाले. "एसीवरून सुरू झालं. आता निरोपसुद्धा माझ्यामार्फत जातात."

साहेब एके काळी काकूंच्या हाताखाली शिकलेले. तेव्हा काकू त्यांना 'अरे' म्हणत. खुर्ची मिळाल्यापासून चारचौघांत 'अहो' म्हणू लागल्या, आणि प्रत्येक वेळी ते 'अहो' त्यांच्या घशात थोडं अडकायचं.

साहेबांनी काकूंना कोपऱ्यातल्या आपल्या केबिनमध्ये नेलं, दार लावलं आणि ते मुद्द्यावर आले. "धाकटीने केलंय. पत्त्यांची तपासणी तिने अर्धी करून टाकली. पूर्वी आपण दोन्ही टोकं बघायचो, ती एकच बघते. दार अर्धं उघडं ठेवलं, पेपर गेला. सरळ आहे."

"तुम्ही तिला करू कसं दिलंत?"

"वेग हवा होता ना, काकू! केंद्रांवरची मशीनं म्हातारी. आणि तेव्हा तिने पटवून दिलं. मधे ओसाड पट्टा आहे, पुढे जाणारा त्यात पडणारच, वगैरे."

"पटलं होतं तुम्हाला?"

"तेव्हा पटलं होतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

काकू उठल्या. ज्याला गणित पटलं होतं, तोच माणूस आता 'सरळ आहे' म्हणत होता. दोन्ही खरं कसं असेल?

३

धाकटीचे डोळे सुजले होते. तिने राजीनामा लिहूनच ठेवला होता.

"तो आधी मिटव," काकू म्हणाल्या. "आणि मला नीट सांग. मी अडाणी आहे असं समज."

धाकटीने कागदावर एक उभी पट्टी काढली. संगणकाची स्मृती म्हणजे एक लांबच लांब रस्ता. खालच्या भागात प्रोग्रामांची घरं, अगदी वरच्या भागात कर्नेलचं स्वतःचं घर. पेपर त्या वरच्या घरात, सगळ्या मशीनवर ठरलेल्या एकाच जागी. दोन्हींच्या मधे एक अफाट ओसाड पट्टा, जिथे काहीच नाही. तिथे पाऊल पडलं, की काम जागच्या जागी बंद पडतं.

"प्रोग्राम कर्नेलला म्हणतो, अमुक पत्त्यापासून इतकी अक्षरं उचल आणि जतन कर," ती म्हणाली. "पत्ता त्याचा स्वतःचाच आहे ना, हे आपण बघायचं. नाहीतर तो कर्नेलच्याच घराचा पत्ता देईल आणि आपण आपलाच खजिना त्याच्या हातात ठेवू."

"हे मला शिकवू नकोस गं, हा नियम मीच घातलाय."

"तुम्हीच म्हणालात, अडाणी समज."

काकूंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "पुढे बोल."

"तुम्ही सुरुवात बघायचात, मग लांबी मिळवून शेवट बघायचात. प्रत्येक वेळी, लाखो वेळा. मी फक्त सुरुवात बघते. सुरुवात खालच्या भागात असली की झालं. लांबी कितीही खोटी सांगू दे, उचलणारा एकेक घर घेत वर जाणार आणि ओसाड पट्ट्यात पडणार. पेपरापर्यंत पोचणारच नाही."

काकूंनी पट्टीकडे बराच वेळ बघितलं. चूक शोधायला आलेल्या माणसाला चूक सापडू नये, यासारखा वैताग नाही. मुलीचं गणित बरोबर होतं. वर सुबकही होतं, आणि आपल्याला ते कधी सुचलं नाही, हे काकूंना आणखी झोंबलं.

"तरी मी लांबीला मर्यादा घालणार होते," धाकटी नाक पुसत म्हणाली. "पण साहेब म्हणाले, दुहेरी काम कशाला? पुढे दाढी प्रत्येक तुकडा उचलण्याआधी तपासतोच."

"दाढीला विचारलंस?"

"त्याला?" तिचा आवाज चढला. "पोरीबाळींच्या हाती कुलपं दिली की असंच होतं, असं म्हणाला तो माझ्याबद्दल!"

"तुझ्या तोंडावर?"

"नाही. साहेबांनी सांगितलं."

४

दाढी घाम पुसत बसला होता आणि काकू जवळ येताच सुरू झाला. "काकू, आधी तो एसी बंद... म्हणजे चालू करायला सांगा. नाही, कमी."

"कमी म्हणजे गार की गरम?"

"गार!"

"मी तुमच्या एसीसाठी आलेले नाही रे बाबा. जतन करायचं काम तू लिहिलंस ना? त्यात अलीकडे काय बदललंस?"

दाढीचा चेहरा खुलला. आपल्या कामाबद्दल विचारलं, की तो घामसुद्धा विसरायचा. "मोठा मजकूर आला की मी तुकडे करतो. पूर्वी पहिल्या तुकड्यापासून लिहायचो. मग फाईल वाढत जायची, दर वेळी डिस्कवर नवी जागा शोधा, परत शोधा. आता मी शेपटाकडून लिहितो. शेवटचा तुकडा आधी. म्हणजे लागेल तेवढी सगळी जागा एका दमात मिळते. म्हातारी मशीनं पळायला लागली, काकू!"

काकूंच्या डोळ्यांसमोर ती उलटी पानं आली. शेवटचं आधी, मग त्याच्या अलीकडचं.

"शेपटाकडून," त्या म्हणाल्या.

"हो. का?"

धाकटीचा चोर खालून वर चालत येत होता, म्हणून वाटेत पट्ट्यात पडत होता. दाढीचा माणूस थेट वरच्या टोकाला उतरत होता आणि तिथून खाली येत होता. पट्ट्यात तोही पडला असता, पण पडण्याआधी त्याची झोळी भरलेली असायची.

"तुकडा उचलण्याआधी तू पत्ता तपासतोस?"

"मी कशाला? दारात तपासलेलं असतं ना. मी एकदा म्हटलं होतं, की प्रत्येक तुकडा परत बघतो. साहेब म्हणाले, वेळ वाया घालवू नकोस, धाकटी दोन्ही टोकं बघते."

"दोन्ही? असंच म्हणाले?"

"अगदी असंच. मी स्वतः जाऊन बघितलं असतं, पण तिच्या टेबलाजवळ कोण जाईल? माझ्या अंगाला वास येतो, म्हणाली ती."

"हेही साहेबांनीच सांगितलं असेल."

दाढी चपापला. "तुम्हाला कसं कळलं?"

काकूंचा फोन वाजला. "अगं, टाकी भरून वाहतेय," नवरा म्हणाला. "आता बंद करू का?"

"नको, गच्चीवर पोहायला उतरा!" असं म्हणून काकूंनी फोन ठेवला.

५

आता एकच गाठ उरली होती. एवढी मोठी खोटी लांबी त्या मुलाने सांगितली कशी? काकूंनी मंडळातल्या बाईंना फोन लावला.

"सरावाच्या पानावर एक चौकट असते," बाई म्हणाल्या. "किती अक्षरं लिहिणार, असं विचारतात. बाकीची पोरं पाचशे, हजार असं टाकतात. या मुलाने हा एवढा लांबलचक आकडा टाकलाय. आम्हाला वाटलं, बोट अडकलं असेल."

काकूंनी आकडा उतरवून घेतला आणि मुलाच्या निबंधाच्या पत्त्यात मिळवला. बेरीज बरोबर पेपराच्या शेवटच्या पानाच्या तळाशी जाऊन बसली. अडकलेलं बोट इतकं हुशार नसतं.

त्या चौकटीत वाटेल तो आकडा खपतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी कर्नेलच तो झिडकारायचं, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. प्रोग्रामात फेरफार नाही, कुलूप फोडणं नाही. कोणीतरी एक आकडा काढून मुलाला पाठ करायला लावला होता.

"बाई, एक कराल? बाकी कुठल्या उमेदवाराने असा राक्षसी आकडा टाकलाय का, सगळ्या केंद्रांवरचं बघा. आणि या मुलाचा खरा पेपर काढून ठेवा. मी तुमच्या फोनची वाट बघते."

त्यांनी फोन ठेवला. राग येत होता. कोणावर, तेही आता बरंचसं कळलं होतं. ते चुकीचं निघालं तर बरं, असं त्यांना एकदा वाटून गेलं.

मग त्यांनी धाकटीला आणि दाढीला एकाच टेबलाशी समोरासमोर बसवलं, एसी बंद केला आणि खिडकी उघडली. दोघंही कुरकुरले.

"गप्प! धाकटे, साहेबांनी तुला काय सांगितलं, ते याच्यासमोर परत सांग."

"की हा पुढे प्रत्येक तुकडा तपासतो."

"मी?" दाढी उडालाच. "मी कुठे तपासतो? तू दोन्ही टोकं बघतेस ना!"

"मी एकच बघते! आणि तू मागून कधीपासून उचलायला लागलास?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पट्टी, पट्टा, शेपूट. दोघांच्या डोक्यात एकाच वेळी सगळं जुळलं. धाकटीने तोंडावर हात ठेवला.

"साहेब गोंधळले असतील," ती थोड्या वेळाने म्हणाली. "त्यांना किती व्याप असतात."

"गोंधळलेला माणूस एका बाजूला चुकतो गं," काकू म्हणाल्या. "दारात सगळं तपासतात असं ज्याला खरंच वाटतं, तो दारवालीला 'पुढे तपासतात' असं सांगेल का? आणि पुढे तपासतात असं ज्याला वाटतं, तो पुढच्याला 'दारात तपासतात' का सांगेल? दोघांना दोन उलटी उत्तरं कोण देतो? ज्याला ठाऊक असतं की कोणीच तपासत नाही, तोच. आणि ते तसंच राहावं, अशी ज्याची इच्छा असते."

"आणि आमचं भांडण..." दाढी म्हणाला.

"तुम्ही दोघं एकदा जरी चहाला एकत्र बसला असतात, तरी हे दार त्याच दिवशी बंद झालं असतं."

दारात साहेब उभे होते. कधी येऊन उभे राहिले, कोणास ठाऊक.

६

"हे सगळं तर्कट आहे," साहेब म्हणाले. आवाज चढवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो मधेच फाटला. "पुरावा काय?"

"हे धाकटीने एकटीने केलेलं नाही, याचा तर आहे. निम्मी किल्ली तिच्याकडे, निम्मी दाढीकडे, आणि दोघांना एकमेकांची ठाऊक नव्हती. पट्ट्याचं गणित पटलं होतं, असं तुम्हीच सकाळी म्हणालात. मग एकट्या तिच्या बदलाने पेपर जात नाही, हेही तुम्हाला ठाऊक होतं. तरी मंडळाला तिचंच नाव द्यायला निघालात."

"ते... घाईत."

"बरं. मग मंडळाला सांगते, त्या मुलाची नातीगोती बघा. मामा, काका, आत्या, मावशी. किती वेळ लागेल?"

साहेब खुर्चीत बसले. खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"अरे, बोल," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांनी तो 'अरे' आपोआप आला.

"बहिणीचा मुलगा," साहेब म्हणाले. "दोनदा नापास झाला. दुसऱ्या खेपेनंतर खोलीतून बाहेर येईना, जेवेना. ताई दाराबाहेर ताट घेऊन बसायची. मला तिने वाढवलं, काकू, आई गेल्यावर. ती दारात बसलेली मला बघवेना. दोघांचे बदल मंजूर करायला माझ्याकडे आले, तेव्हा लक्षात आलं, की यातून वाट निघते. मी फक्त गप्प बसायचं होतं."

"नुसता गप्प बसला नाहीस. दोघांना सावध व्हायची बुद्धी झाली होती, दोन्ही वेळा तू ती मोडलीस. आणि या मुलीला बळी द्यायला निघालास. हिला कोणी ताई नसेल, आई नसेल, असं वाटलं का तुला?"

साहेबांनी धाकटीकडे बघायचं टाळलं. मघाशी मिटवलेला राजीनामा फाडून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला.

काकूंनी दोघांना कामाला लावलं. लांबी पट्ट्याहून लहान असेल, तर नुसती सुरुवात बघायची, वेग तोच राहतो. लांबी अवाढव्य असेल, तर दोन्ही टोकं बघायची, आणि अशी मागणी हजारात एखादी. "कोण लिहिणार?" यावरून धाकटी आणि दाढीची लगेच जुंपली. काकूंनी कपाळाला हात लावला. पण ती दोघं आता एकमेकांशी भांडत होती, मधे निरोप्या नव्हता.

तेवढ्यात मंडळातल्या बाईंचा फोन आला. काकूंनी तो साहेबांसमोरच घेतला.

"सगळी केंद्रं बघितली," बाई म्हणाल्या. "असा आकडा फक्त या एकाचाच. परीक्षा रद्द करावी लागणार नाही. तुम्ही वाचवलंत."

"आणि त्याचा खरा पेपर?"

"तेच सांगायचं होतं. मला काही कळेना म्हणून दोनदा बघितला. सुरुवातीची सगळी पानं सोडवलीत, आणि उत्तरं चांगली आहेत हो, अगदी बरोबर. पण सरावात जी पानं त्याला दिसली होती ना, त्यांवरचा एकही प्रश्न त्याने सोडवलेला नाही. कोरे ठेवलेत. वेळ होता त्याच्याकडे. नुसता बसून राहिला होता."

काकूंनी फोन ठेवला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"येत होती त्याला ती उत्तरं," साहेब म्हणाले. "गेलं वर्षभर मीच रोज अभ्यास घेत होतो त्याचा. शेवटच्या पानांवरचं तर त्याचं सगळ्यात पक्कं होतं. तो पास झाला असता, काकू. या खेपेला तो आपला आपण सुटला असता."